आत्या म्हणजे बुआ

मी एका बाईच्या भुवईवर पाण्याची स्टीलची बाटली हाणली आणि तिला सात टाके पडले. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचताना मला कुणी गरीब गाय समजायला नको. मी तशी नाही. ऑफिसात माझ्यामागे मला काय म्हणतात ते मला ठाऊक आहे, आणि ते फारसं चूक नाही.

मी मयुरा. बारा वर्षं झाली दिल्लीत येऊन. मयूर विहारात दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये एकटी राहते आणि नोएडाच्या एका कंपनीत माणसं घ्यायचं आणि काढायचं काम करते. पुण्याहून कुणी आलं की त्याला लाल किल्ला नाहीतर कुतुबमिनार बघायचा असतो. माझ्याकडे आलेल्यांचं ते चालत नाही. होळीच्या आगेमागे या शहराला जेमतेम तीन आठवड्यांचा वसंत मिळतो, धूर गेलेला असतो आणि ऊन अजून चावायला लागलेलं नसतं, तेवढ्यात घराबाहेर पडायचं. कुठं पडायचं ते मी ठरवते. माझी यादीच आहे. हिंदूरावच्या टेकडीवर सकाळची चक्कर, सुलतानपूरच्या तळ्यावर पक्षी, यमुनेकाठची फुललेली सावर, आणि सोहन्याच्या अलीकडे अरवलीच्या एका उतारावरचा पळस. पळस मी सगळ्यांना दाखवत नाही. तो घरच्यांसाठी ठेवलाय.

त्या मार्चमध्ये माझा धाकटा भाऊ जयेश, त्याची बायको ऋचा आणि त्यांचा चार वर्षांचा सिद्धांत असे पाच दिवसांसाठी आले होते. मला मूल नाही. लग्न झालं होतं, ते दोन वर्षांत मोडलं. सिद्धांतच्या बारशाला त्याच्या कानात नाव सांगायला मी सकाळच्या विमानाने गेले आणि रात्रीच्या विमानाने परत आले. नाव मी ठेवलंय त्याचं, हे मी येईल त्याला सांगत असे. वर्षभर फोनच्या स्क्रीनवर बघायचा पोरगा पाच दिवस प्रत्यक्ष हाताशी असणार, याचं मला जे काय झालं होतं ते मी कुणाजवळ बोलले नव्हते. नुसती यादी केली, आणि त्याच्यासाठी गाडीत लावायची लहान मुलांची खुर्ची आणली.

शनिवारी सहाला निघालो. गाडी आमच्याच नाक्यावरच्या ओमबीरची. खुर्ज्याचा मनुष्य, पन्नाशीचा, बोलायला कमी. मागच्या काचेतून सिद्धांतच्या डोळ्यांवर ऊन यायला लागलं म्हणून मी माझी ओढणी काचेत अडकवून पडदा केला. आठच्या सुमाराला डोंगराच्या पायथ्याशी पोचलो. गावाचं नाव मी लिहीत नाही, गावाला नावानिशी दाखवून द्यायचं माझं धाडस नाही. एक जुना बंधारा, त्यात हिरवट पाणी, काठावर कडुनिंब, कडुनिंबाखाली चहाची बंद टपरी आणि तिच्या बाहेर एक खाट. वर उतारावर पळस असा पेटला होता की ऋचा पहिली पाच मिनिटं फोटो काढायचंसुद्धा विसरली.

सिद्धांतने मात्र फुलांकडे बघितलंच नाही. त्याला पाण्यात दगड टाकायचे होते. दोनदा त्याला काठावरून मागे ओढला, तिसऱ्यांदा मी म्हटलं, "तिकडे जायचं नाही. पाण्यात बुवा आहे. लहान मुलांना ओढून नेतो."

तो जागच्या जागी थिजला.

"ताई, आम्ही त्याला असली भीती नाही दाखवत," ऋचा म्हणाली. तिच्या बोलण्यात कधीच आवाज चढत नाही, आणि मला त्याचाच राग येतो.

"आपण सगळे बुवाला घाबरूनच मोठे झालो ना? काय वाईट झालं?"

सिद्धांतने माझा हात घट्ट धरला आणि पुन्हा पाण्याकडे गेला नाही. मी मनात म्हटलं, बघा, मला कळतं.

पोहे खाऊन तो खाटेवर झोपला. मीच जयेश-ऋचाला वर पिटाळलं. "जा, तासभर फिरून या, मी आहे ना." ओमबीर गाडीपाशी गेला. गाडी दोनेकशे पावलांवर, कच्चा रस्ता सुरू होतो तिथं उभी होती. मी एकटी त्या पोराशेजारी बसले, त्याच्या तोंडावरच्या माश्या वारत. खरं सांगायचं तर तो अर्धा तास माझ्या आयुष्यातला फार सुखाचा होता.

दहाच्या सुमाराला खाटेवर ऊन आलं. टपरीपाशी मोटरसायकल लावून दोन पोरं सिगारेट ओढत बसली होती. गाडीत एसीत त्याला निजवावं म्हणून मी ओमबीरला फोन लावला.

"भैया, गाड़ी इधर लाओ और चालू रखो. बच्चा सोया है, उसके उठने के पहले उठाके अंदर डालती हूँ. जल्दी करो."

मराठीत आपण मूल उचलतो, तेच मी हिंदीत म्हटलं. इकडे मूल 'गोदी में' घेतात. 'बच्चा उठाया' म्हणजे पळवला. बारा वर्षांत मला हे कुणी सांगितलं नव्हतं, कारण बारा वर्षांत दिल्लीत मी मूल उचललंच नव्हतं. आणि त्या आठवड्यात त्या सगळ्या पट्ट्यात फोनवरून मेसेज फिरत होता की दिल्लीच्या नंबरची गाडी, गाडीत पडदा, आणि सलवार-कमीजमधली एक शिकलेली बाई पोरं पळवतेय. हे मला नंतर पोलिसांनी सांगितलं.

मी सिद्धांतला उचलला. तो अर्धवट झोपेत रडायला लागला, आई कुठंय म्हणून. पोरं उठून आडवी आली.

"मैडम, बालक किसका है?"

आता इथं कुणी शहाणं माणूस नीट उत्तर देतं. मी म्हटलं, "तुमको क्या करना है?"

"पूछ रहे हैं. किसका है?"

"मेरा है. हटो."

"तो तुझे मम्मी क्यों नहीं बोल रहा?"

"मेरे भाई का है. भाई ऊपर गया है." मी डोंगराकडे हात केला. डोंगरावर पळस होता आणि माणूस एकही दिसत नव्हता. जयेशला फोन लावला, तर वर रेंज नाही. एकाने माझ्या हातातला फोन हिसकावून घेतला. मी त्याच्या कानाखाली वाजवली. सवयीने हात उठला, विचार वगैरे काही केला नाही. त्याने शिट्टी मारली.

शेतात मोहरी कापायला आलेली माणसं कोयते घेऊनच आली. पलीकडे क्रिकेट चाललं होतं, ती पोरं बॅट आणि स्टंप घेऊन आली. दहा मिनिटांत पन्नासेक माणसं झाली असतील. ओमबीर गाडी घेऊन आला तो सरळ त्यांच्या मधोमध. मोटरसायकल आडवी घातली, पडद्याची काच पहिल्यांदा फोडली, ओढणी बाहेर ओढून झेंड्यासारखी नाचवली, आणि मग त्याला कॉलर धरून बाहेर काढलं. तो हात जोडून सांगत होता, "खुर्जा का हूँ भाई, टैक्सी चलाता हूँ." कुणीतरी हेल्मेट त्याच्या तोंडावर मारलं. तो बसला. मग स्टंप सुरू झाले. लाकडाचा माणसाच्या बरगडीवर कसा आवाज होतो ते मी तोवर ऐकलं नव्हतं. बद्द असा होतो, गादी झटकल्यासारखा. एक जण दमला की दुसरा पुढे येत होता आणि पहिला फोनवर व्हिडिओ काढत होता.

मी सिद्धांतचं तोंड माझ्या खांद्यात दाबून धरलं होतं. माझ्या पाठीत काठी बसली. केस धरून कुणी मागे खेचलं. मी लाथ मारली ती कुणाच्या नडगीवर लागली, मला बरं वाटलं. "पुलिस को बुलाओ," मी ओरडत होते, आणि ते म्हणत होते, "पुलिस बाद में आएगी."

तेवढ्यात गर्दी फोडत एक बाई आली. साठीची, अंगाने दणकट, डोईवर ओढणी, हातात दुधाची बरणी. ती टपरी तिची. सकाळपासून ती तिथं नव्हती, त्यामुळे आम्हाला तिने पाहिलेलं नव्हतं. तिने बरणी खाली ठेवली आणि दोन पोरांच्या पाठीत धपाटे घातले. "अकल मारी गई है तुम्हारी? बालक से तो पूछो." पोरं मागे सरकली. गावात तिचा वट होता.

"क्या लगती है इसकी?" तिने मला विचारलं.

"भाई का लड़का है. मैं आत्या हूँ इसकी."

"क्या?"

"आत्या. आत्या मतलब... बुआ. बुआ हूँ मैं."

सिद्धांतने माझ्या खांद्यावरून मान वर केली आणि माझ्याकडे बघितलं.

ती बाई खाली बसली. तिने त्याच्या गालावरून हात फिरवला आणि फार मायेने विचारलं, "लल्ला, डर मत. बता, ये तेरी बुआ है?"

त्याने पाण्याकडे बघितलं आणि किंचाळला. "बुवा नको. बुवा नको."

"बुआ नहीं है?"

"नाही. बुवा नाही. आई."

एवढं त्या पन्नास जणांना कळलं. 'नाही' कळायला हिंदी यावं लागत नाही.

"अरे सिद्धू, मी आत्या ना," मी म्हटलं. मग त्यांच्याकडे वळून ओरडले, "मैं ही बुआ हूँ. आत्या मतलब बुआ." मी जितक्या मोठ्याने ते सांगत होते तितका तो माझ्या कमरेवरून सुटायला बघत होता. माझ्या छातीवर पाय रोवून. मीच सकाळी त्याच्या डोक्यात घातलं होतं की बुवा ओढून नेतो, आणि मीच आता त्याला धरून सगळ्या गावासमोर मी बुवा आहे म्हणून सांगत होते. "नाम मैंने रखा है इसका," मी म्हटलं. कुणीतरी हसलं.

बाईने त्याचा उजवा हात धरला. "इसे मेरे पास दे दे. तू भी बैठ जा यहीं. माँ-बाप आएँगे तो आप ही देख लेंगे."

किती साधी गोष्ट होती. दिलं असतं तर तो तिच्या खाटेवर बसला असता, मी बसले असते, आणि अर्ध्या तासात जयेश खाली आला असता. आज मला हे स्पष्ट दिसतं. तेव्हा मला फक्त एवढं दिसलं की पोरगा तिच्याकडे झेपावतोय. माझ्या हातातून सुटून, एका परक्या बाईकडे, हात पसरून. मी त्याचं डावं मनगट धरलं आणि ओढला.

तिने ओढला. मी ओढला. तो मध्ये लोंबला आणि वेगळ्याच आवाजात ओरडला. त्या आवाजासरशी तिने हात सोडला. लगेच, चटका बसल्यासारखा. मी नाही सोडला. ती सुटल्याबरोबर मी सगळ्या जोरानिशी मागे पडले आणि तो माझ्याबरोबर फिरून माझ्या अंगाखाली आला, मनगट अजून माझ्या मुठीत. कट् असा आवाज झाला. मला तो कानांनी ऐकू आला की हाताला जाणवला ते सांगता येत नाही.

बाई त्याला बघायला वाकली. मला वाटलं, न्यायला वाकली. खांद्याला अडकवलेली बाटली माझ्या हाताला लागली, ती भरलेली होती, आणि मी ती पूर्ण ताकदीने तिच्या तोंडावर मारली. तिच्या डोळ्यावरून रक्त असं ओघळलं की ती मुकाट खाली बसली.

त्यानंतर त्यांनी मला मारलं ते मी नीट सांगू शकणार नाही. चप्पल, काठी, पाय, आणि एकदा विटेचा तुकडा. बायकासुद्धा होत्या, त्यांनी कमीज फाडली. मी पोरावर पालथी पडून राहिले आणि मनगट धरून ठेवलं. तो माझ्या छातीखाली ओरडत होता. माझी समजूत होती की मी त्याला वाचवतेय.

"ताई," असा जयेशचा आवाज आला. तो उतारावरून धावत येत होता, "ताई, ताई" ओरडत. मी तोंड वर करून सांगितलं, "वो देखो, मेरा भाई."

एक जण म्हणाला, "भाई है तो ताई क्यों कह रहा है? ताई तो ताऊ की लुगाई होती है." तिकडे ताई म्हणजे मोठ्या काकांची बायको. दुसरा म्हणाला, "सब झूठे हैं." आणि जयेश पोचला त्याबरोबर त्याच्या कपाळात बॅट बसली. माझा भाऊ, आयुष्यात कुणाशी भांडला नाही असा, गुडघ्यांवर बसून आपला चष्मा शोधायला लागला.

मग ऋचा आली. ती ओरडली नाही, कुणाला काही सांगितलं नाही. सरळ गर्दीत शिरली, माझ्यापाशी बसली आणि माझी बोटं एकेक करून त्या मनगटावरून सोडवली. सिद्धांत तिच्या गळ्यात पडला. एकाच हाताने, दुसरा लोंबत होता. तो तिच्या मानेत तोंड खुपसून जे रडला, त्यावर कुणाला काही विचारायचं उरलं नाही. स्टंप खाली झाले. एक जण ओमबीरच्या तोंडाला पाणी लावायला गेला. माझ्या कानाशी एक म्हातारा ऋचाला म्हणाला, "बहनजी, बालक को ऐसे छोड़ के नहीं जाते," आणि मला, तेवढ्या मारानंतरही, उठून त्याचा गळा धरावासा वाटला.

गुडगावच्या एका हॉस्पिटलात दुपारी त्याचं ऑपरेशन झालं. कोपराच्या वरचं हाड मोडलं होतं, दोन तारा घालाव्या लागल्या. डॉक्टर म्हणाले, वाढीचं वय आहे, हात सरळ होईलच असं आज सांगता येत नाही. ओमबीर खालच्या मजल्यावर होता, चार बरगड्या आणि पुढचे दात गेलेले. त्याची बायको खुर्ज्याहून निघाली होती. तिच्यासमोर मी कोणत्या तोंडाने जाणार होते, कुणास ठाऊक.

चारच्या सुमाराला, सिद्धांतच्या खोलीबाहेर मी बाकावर बसले होते तिथं, एक सब-इन्स्पेक्टर जबाब घ्यायला आला. बरोबर दोन महिला पोलीस, आणि त्यांच्या मध्ये ती टपरीवाली. भुवईवर पट्टी, डोळा सुजून मिटलेला. नाव संतरा. व्हिडिओ काढणारी पोरं पसार झाली होती आणि जी सापडली त्यांनी एकमुखाने हिचं नाव सांगितलं होतं, की बालकाला हिने ओढलं, आम्ही तर लांब उभे होतो. एका व्हिडिओत तेवढंच दिसत होतं, ती ओढतेय तेवढंच. पुढचं गर्दीत झाकलं गेलं होतं.

जयेशच्या कपाळावर टेंगूळ आणि डोळ्यांत रक्त. "हीच ना, ताई? बघ नीट. साहेब, इसको छोड़ना नहीं."

संतराने माझ्याकडे बघितलं. एकाच डोळ्याने. तिने विनवणी केली नाही. मला वाटतं, मी काय सांगणार हे तिने धरूनच ठेवलं होतं.

"हाथ इसी ने तोड़ा?" इन्स्पेक्टरने विचारलं. पेन तयार होतं.

हो म्हणायला काय लागत होतं? सगळ्यांना तेच हवं होतं. जयेशला हवं होतं, पोलिसांना कागद पुरा करायचा होता. मला तर सर्वांत जास्त हवं होतं, कारण उद्या सिद्धांत मोठा होईल, त्याचा हात वाकडा राहिला तर तो विचारेल, आणि त्याला सांगायला एक गाव आणि एक बाई असेल.

"नहीं," मी म्हटलं. "इसने छोड़ दिया था. मैंने नहीं छोड़ा. हाथ मेरे हाथ में टूटा."

इन्स्पेक्टरने पेन थांबवलं. जयेश म्हणाला, "ताई, तुला डोक्याला लागलंय, तू नंतर बोल."

"डोक्याला लागलंय, पण आठवतंय सगळं. तो ओरडला आणि हिने सोडला. मी ओढत राहिले."

"का?" हे ऋचाने विचारलं. ती खोलीच्या दारात उभी होती, कधी आली ते मला कळलं नव्हतं. "तो ओरडला ना? मग का नाही सोडलात?"

मी खोटं बोलू शकले असते, पण आता त्याला काही अर्थ नव्हता. "सोडला असता तर तो माझा नाही हे सगळ्यांसमोर ठरलं असतं," मी म्हटलं. "मला ते सहन झालं नसतं."

संतरा खुर्चीवर बसली आणि तिने पट्टीला हात लावून बघितला. आतून सिद्धांतचा कण्हल्यासारखा आवाज आला, भूल उतरत होती. मी भिंतीला धरून उठले आणि दाराकडे दोन पावलं टाकली.

ऋचाने दार अर्धं ओढून घेतलं. तिचा आवाज नेहमीसारखाच होता.

"ताई, तुम्ही आत येऊ नका. तो घाबरेल."

मी बरं म्हटलं आणि परत येऊन बाकावर बसले.